ओव्हनचं दार

ओव्हन आमच्याकडे आला तो नणंदेच्या घरातून. तिने घर बदललं, नव्या स्वयंपाकघरात त्याला जागा नव्हती, म्हणून आमच्याकडे आला आणि जास्तीची भांडी ठेवायचं कपाट म्हणून राबू लागला. आतला दिवा गेलेला होता. "केक काय अंधाराला घाबरतो का?" असं नणंद देताना म्हणाली होती.

केक घाबरत नसेल. मी घाबरते. मला दिसावं लागतं. मुलगी गाढ झोपली की अजूनही तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते, आणि ती आता पहिलीत आहे. शाळेत सोडलं की फाटकाबाहेर रेंगाळते, वर्गात शिरताना ती रडवेली तर नाही ना, ते बघायला. नवरा म्हणतो, "तुला पहारेकऱ्याची नोकरी दिली असती तर गावातले चोर उपाशी मेले असते."

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. नाव सासूबाईंनी ठेवलं. पोरीचे पाय एका जागी ठरत नाहीत. पाणी प्यायला गेली तरी उड्या मारत जाते आणि निम्मं पाणी सांडत परत येते. खालच्या मजल्यावरचे काका कधीतरी काठीने छत ठोकतात, मग ती पाच मिनिटं बोटांवर चालते आणि विसरते.

तर शाळेत तिच्या बाईंनी ठरवलं, शुक्रवारी वर्गात घरचा खाऊ. प्रत्येकाने घरच्यांना मदत करून काहीतरी गोड बनवायचं, आणायचं, आणि कसं केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. पालकांनीही यायचं. फाटकाशी जुळ्यांची आई मला म्हणाली, "आम्ही बिस्किटं करतोय. साच्यातली, चांदण्यांची. तुम्ही काय करणार?"

"केक," मी म्हणाले.

का म्हणाले, कोण जाणे. उभ्या आयुष्यात मी केक केला नव्हता. पण ती ज्या सहजतेने 'साच्यातली' म्हणाली ना, तिथेच माझी जीभ घसरली. आणि मग मागे घ्यायची सोय राहिली नाही, कारण भिंगरीने माझा हात सोडून तिथल्या तिथे उडी मारली आणि जुळ्यांना सांगूनसुद्धा टाकलं, "आमच्याकडे केक! मोठ्ठा! आई आणि मी!"

पुढचे दिवस मी अभ्यास केला. दुसरा शब्दच नाही त्याला. फोनवर पाहिलं, वाचलं, पडताळून पाहिलं. लोणी किती मऊ, अंडी थंड का नकोत, मैदा घातल्यावर का फेटायचं नाही. कुणी साखर कमी सांगे, कुणी दूध जास्त, पण एका गोष्टीवर झाडून सगळ्यांचं एकमत होतं: केक फुगत असताना ओव्हनचं दार उघडायचं नाही. गार हवा आत गेली की केक बसतो. हे मी इतक्या वेळा वाचलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

गुरुवारी दुपारी आम्ही दोघी कामाला लागलो. ओव्हनमधली भांडी काढून पलंगावर ठेवली. सासूबाई हातात चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या, नाटकाला बसावं तशा.

"हे पातळ नाही का झालं गं?"

"असंच असतं, आई."

"तुला कसं माहीत? तूसुद्धा पहिल्यांदाच करते आहेस."

"वाचलंय मी."

"वाचून पोहता येतं का?" असं म्हणून त्या स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाल्या आणि चहा प्यायल्या.

भिंगरीने मैदा चाळला. ओट्यावर, जमिनीवर, स्वतःच्या भुवयांवर. अंडं फोडायचा हट्ट तिचाच होता. टरफलाचा तुकडा आत पडला, तो तिने बोटाने काढला आणि "ऑपरेशन झालं" म्हणाली. ती आणि मी आलटून पालटून फेटत होतो. तिचा हात दुखायला लागला की ती 'आता आई' म्हणायची, माझा दुखायला लागला की मी 'आता भिंगरी' म्हणायचे. मी किती दिवसांनी तिच्याबरोबर असं काहीतरी करत होते, ज्यात तिला 'सांभाळून', 'हळू', 'लागेल' असं म्हणावं लागत नव्हतं. ते आठवलं की अजून वाईट वाटतं. कारण त्या अर्ध्या तासात मी चांगली आई होते.

भांडं आत ठेवलं. दार लावलं. सासूबाई दिवाणखान्यात आडव्या व्हायला गेल्या. भिंगरी ओट्यापाशी स्टुलावर चढून फेटायचं भांडं बोटाने चाटत बसली. आणि मी ओव्हनसमोर उभी राहिले.

काचेतून काही दिसत नव्हतं. काळं, आणि त्यात माझं स्वतःचं तोंड. मी वाकून बघितलं, बाजूने बघितलं, फोनचा दिवा काचेवर मारला, तर त्या दिव्याचाच गोळा परत डोळ्यांवर आला. आत काय चाललंय? फुगतोय? करपतोय? मन त्याच एका प्रश्नाशी घुटमळत राहिलं. शेवटी मी फट केली. नुसती फट. गरम वाफ चष्म्यावर आली आणि काही दिसलं नाही. लावलं.

थोड्या वेळाने परत. आता चष्मा काढून ठेवला होता. आणि मला दिसलं. केक वर आला होता. मधोमध छान घुमटासारखा, फिक्कट सोनेरी, आणि वास थेट बेकरीतला. मी केलं होतं ते. मी! दार लावायला हवं होतं. मी तशीच बघत राहिले.

तिसऱ्यांदा मी दार सताड उघडलं, ट्रे अर्धा बाहेर ओढला आणि बोटाने केकचा माथा दाबून बघितला. तो थरथरला.

त्याच क्षणी मागून "फुगला?" असं ओरडत भिंगरीने स्टुलावरून उडी मारली. धप्प.

केक बसला. एकदम नाही. हळूहळू, पाय गेलेल्या माणसाने भिंतीला टेकत खाली बसावं तसा. मधला घुमट खाली गेला, मग सपाट झाला, मग खड्डा पडला.

"उडी मारलीस ना तू!" मी म्हणाले.

मी विचार करून म्हणाले नाही. पण म्हटल्यावर मात्र विचार केला. तेवढा वेळ होता माझ्याकडे. भिंगरीचं बोट तोंडात होतं, ते तसंच राहिलं.

सासूबाई उठून आल्या. "काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही पडलं. हिने उडी मारली आणि केक बसला."

"उडीने बसतो?"

"बसतो. धक्का लागतो ना. कच्चा असतो आतून."

मी शिकलेली आहे. रसायनशास्त्र घेऊन पदवी घेतली आहे. असल्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा असतो. औषधाचा डोस किती, डाग कशाने निघेल, दूध का नासलं, सगळे मलाच विचारतात. मी 'धक्का लागतो' म्हटलं आणि सासूबाईंनी मान डोलावली, संपलं. कोणी विचारलं नाही की ट्रे अर्धा बाहेर का आहे.

"अगं बाई," सासूबाई भिंगरीच्या डोक्यावर टपली मारत म्हणाल्या, "भिंगरी कुठली, भूकंप आहेस तू भूकंप!"

त्या काही रागावून म्हणाल्या नव्हत्या. भिंगरीसुद्धा हसली, थोडीशी. संध्याकाळी नवरा आला तेव्हा सासूबाईंनी दारातच बातमी दिली, आणि तो बूट काढायच्या आत भिंत धरून डोलायला लागला. "धरा, धरा! भूकंप कुठल्या खोलीत आहे?" मग जेवताना ग्लास हलवून दाखवला. "बघ, अजून धक्के बसताहेत." मीही हसले. त्या हसण्यात मी होते, हे लिहून ठेवते.

"उद्याचं काय करायचं मग? बेकरीतून आणू?" त्याने विचारलं.

"नाही," भिंगरी म्हणाली. "बाईंनी सांगितलंय, आपणच केलेलं पाहिजे. मी सांगणार आहे कसं केलं ते."

कडा चांगल्या भाजल्या होत्या. मी कडांचे चौकोनी तुकडे केले आणि डब्यात भरले. मधला खड्डा, ओलसर, चिकट, भांड्यातच राहिला. मी त्यावर झाकण ठेवलं.

झोपायच्या आधी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. मी ओटा पुसत होते. ती बोटांवर चालत आली. पंजे टेकवत, हात दोन्ही बाजूंना धरून, बंद, गार पडलेल्या ओव्हनवर नजर ठेवून. पाणी प्यायली. एक थेंब सांडला नाही. तशीच बोटांवर परत गेली.

ते मी बघितलं. बघण्यात मी कधीच चुकत नाही. आणि मनात म्हटलं, उद्या सांगू. शाळेचं होऊन जाऊ दे. आता कशाला डोक्यात घोळ.

सकाळी ती डबा दोन्ही हातांत धरून चालत होती. रस्ता ओलांडताना मी हात मागितला तर म्हणाली, "हलेल." फरसबंदीवर एक उंच पायरी आहे, जिच्यावरून ती रोज उडी मारते आणि रोज मी ओरडते. त्या दिवशी ती थांबली, एक पाय खाली ठेवला, मग दुसरा, म्हाताऱ्या माणसासारखी. मला ओरडावं लागलं नाही.

वर्गात मागच्या बाजूला लहान खुर्च्यांवर आम्ही पालक गुडघे पोटाशी घेऊन बसलो. पुढे दोन बाकं जोडून त्यावर सगळ्यांचे डबे. जुळ्यांच्या चांदण्या खरंच चांदण्यांसारख्या होत्या. कुणाचे तिरके कपकेक, कुणाचे चॉकलेटात बुडवलेले केळ्याचे काप. एकेक मूल उभं राहून सांगत होतं. एक जण म्हणाला, "माझ्या बाबांनी केलं, मी बघितलं," आणि सगळे हसले, त्याचे बाबा सगळ्यांत जास्त.

मग भिंगरी उभी राहिली.

"आम्ही केक केला. मी मैदा चाळला. मी अंडं फोडलं आणि ऑपरेशन केलं. मग आईने ओव्हनमध्ये ठेवला. तो खूप छान फुगला होता." ती थांबली. "मग मी उडी मारली म्हणून तो बसला. म्हणून आम्ही फक्त कडा आणल्यात. मधला घरी आहे."

आजूबाजूला 'अरेरे' असा गोड आवाज झाला. जुळ्यांची आई माझ्याकडे झुकून म्हणाली, "किती प्रामाणिक आहे हो तुमची."

मी मान हलवली. काय करणार दुसरं?

"हरकत नाही," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी काय करशील मग?"

"पुढच्या वेळी मी नसेन स्वयंपाकघरात. मी बाहेर बसेन. हलणार नाही."

आता. आता उठायचं होतं. माझी खुर्ची किती लहान होती, गुडघे किती वर आले होते, जुळ्यांची आई किती जवळ बसली होती, सगळं मला एकदम जाणवलं. बाई म्हणाल्या, "चवीला तर मस्त असणार," आणि मी बसल्या जागेवरून, हसऱ्या आवाजात म्हणाले, "हो, चवीला छान झालाय!" भिंगरीने माझ्याकडे बघितलं. ती आभार मानत होती माझे. मी तिची बाजू घेतली असं वाटलं तिला.

खाणं झालं. अर्धेअधिक डबे अजून भरलेले होते. बाईंनी गाणं लावलं आणि मुलांना सांगितलं, नाचा. मुलं नाचायला लागली. मुलं कसली नाचतात, उड्याच मारतात. लाकडी जमिनीवर धडाधडा. बाकांवरचे डबे खुळखुळायला लागले.

भिंगरी नाचत नव्हती. ती बाकांपुढे पाठ करून उभी होती, दोन्ही हात पसरून, आणि ओरडत होती, "नका ना! उड्या नका मारू! केक बसतील! सगळ्यांचे बसतील!"

आधी कुणाला ऐकू गेलं नाही. मग जुळ्यांपैकी एकाला गेलं. तो तिच्यासमोर येऊन मुद्दाम उडी मारायला लागला. मग दुसरा. मग चारपाच जण. "बसला का? आता बसला का?" आणि माझी मुलगी, जिचे पाय एका जागी ठरत नाहीत, ती हात पसरून, पाय जमिनीला खिळवून, लाल होऊन उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

मी कशी उठले आठवत नाही. खुर्ची मागे आडवी झाली. मुलांमधून वाट काढत गेले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"भिंगरी. ऐक. तुझ्यामुळे नाही बसला केक."

"बसला. मी उडी मारली."

"तुझ्या उडीच्या आधीच मी दार उघडलं होतं. दोनदा, तीनदा. बोट लावलं मी त्याला. गार हवा आत गेली. त्यानेच बसला. मला माहीत होतं."

गाणं चालूच होतं, पण बाईंनी आवाज कमी केला, नेमका तेव्हाच. त्यामुळे 'मला माहीत होतं' सगळ्यांना ऐकू गेलं. मागे आडवी खुर्ची कुणीतरी उचलून ठेवल्याचा आवाज आला.

"मग तू मला का म्हणालीस?"

"मला लाज वाटली."

"कुणाची?"

"केक बिघडवल्याची."

तिने बाहीने नाक पुसलं. मग तिने ते विचारलं, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. अगदी हळू आवाजात, जसं बाथरूमला जायची परवानगी मागतात तसं. "मग मी उडी मारू का आता?"

"मार."

तिने मारली. लहानशी. आणि लगेच मान वळवून डब्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक करून, तपासत. ती नजर माझ्या ओळखीची होती. मी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे आणि माणसाकडे तशीच बघते. माझ्याकडे मात्र तोवर कुणी तसं बघितलं नव्हतं.

परत येताना जुळ्यांची आई फाटकाशी म्हणाली, "होतं हो असं." मी हो म्हटलं आणि चालू लागले. भिंगरीने रस्ता ओलांडताना हात दिला. उंच पायरीपाशी आली तेव्हा म्हणाली, "आजीला पण सांग. आणि बाबांना. फोन कर."

"घरी गेल्यावर."

"नक्की?"

"नक्की."

सासूबाई स्वयंपाकघरात केकचं भांडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मधला चिकट भाग चमच्याने खरवडून खात होत्या. "कच्चा आहे, पण गोड आहे मेला," त्या म्हणाल्या. "आला का माझा भूकंप?"

भिंगरीने माझा हात पुढे ढकलला. "सांग."

मी सांगितलं. उभ्यानेच, पर्स खांद्यावर, चपला पायात. सासूबाईंचा चमचा थांबला.

"म्हणजे कालपासून मी या पोरीला भूकंप भूकंप म्हणते आहे, ते उगाच?"

"हो."

"आणि तू हसत होतीस."

"हो."

मला वाटलं त्या खूप काही बोलतील, त्यांना बोलता चांगलं येतं. पण भांडं ओट्यावर ठेवून त्यांनी भिंगरीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मलाही बोलायला लावलंस तू." बस, एवढंच. ते वाक्य टपलीसारखं नव्हतं. ते अजून लागतं.

नवऱ्याला फोन केला. तो आधी हसला, मग माझा आवाज ऐकून थांबला आणि म्हणाला, "दे तिच्याकडे." फोनवर तो तिला काय म्हणाला माहीत नाही. तिने 'हं', 'हं' केलं आणि शेवटी म्हणाली, "नाही, भिंगरीच."

रविवारी तिनेच काढलं, परत करू या. मला करायचा नव्हता. मला तो ओव्हन परत भांड्यांनी भरून टाकायचा होता. पण नाही म्हणायची माझी लायकी उरली नव्हती. चाळलं, फोडलं, फेटलं. या वेळी सासूबाई दारात बसल्या नाहीत, आत येऊन त्यांनीही थोडं फेटलं. माझ्याशी बोलत होत्या, पण मोजकं.

भांडं आत गेल्यावर भिंगरीने स्टूल ओव्हनसमोर आणून ठेवलं आणि त्यावर बसली.

"आई, तू बाहेर."

"मी इथेच, कोपऱ्यात..."

"बाहेर. तू उघडतेस."

मी दिवाणखान्यात जाऊन बसले. मांडीवर हात, एकात एक गुंफून. तिथून स्वयंपाकघराचं फक्त दार दिसतं, आतलं काही नाही. भाजत असेल का? ती दाराला हात तर लावणार नाही ना, भाजेल. सासूबाई समोर बसून मटार सोलत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

आतून आवाज आला, धप्प. मग अजून एक. ती स्टुलावरून उड्या मारत होती, मुद्दाम, जोरजोरात. खालच्या काकांनी काठी ठोकली. ती थांबली. मग तिचा आवाज आला, "आई! तू उठली नाहीस ना?"

मी अर्धी उठलेली होते. एक हात खुर्चीच्या हातावर, टाच उचललेली. तिला दिसत नव्हतं. सासूबाईंना दिसत होतं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"उठले होते गं," मी म्हणाले. "बसते आता."

आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग परत धप्प.